खंडेनवमीच्या फ्लॉप्या

जळगावच्या उन्हाळ्यात दिवसभर एसीत बसणारी मी अख्ख्या कारखान्यात एकटीच होते. शेठजींच्या केबिनमध्येसुद्धा तेव्हा कूलरच होता. एसी माणसांसाठी नव्हताच, तो कॉम्प्युटरसाठी होता, आणि कॉम्प्युटरच्या पुण्याईने मला. लोक म्हणायचे, मॅडमची मजा आहे. त्या खोलीची खिडकी धूळ येऊ नये म्हणून पुठ्ठा ठोकून बंद केली होती, चपला बाहेर काढाव्या लागत आणि दाराला अशी स्प्रिंग होती की आत पाऊल टाकलं की ते मागे आपोआप लागायचं. एका वर्षी फेब्रुवारीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, दार लागल्याचा तो आवाज मला नकोसा झाला होता. आत फक्त मी असायचे आणि मी केलेला घोटाळा.

ही नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. कारखाना पाइपांचा. एक मोठा कॉम्प्युटर माझ्या खोलीत आणि त्याला लांबलांब केबलींनी जोडलेली टर्मिनलं बाकीच्यांच्या टेबलावर, बिलिंगला, स्टोअरला, डिस्पॅचला. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. डोकं एकच, ते माझ्याकडे. मी धुळ्याची, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली, जळगावला मावशीकडे राहून नोकरी करणारी. वडिलांनी परवानगी देताना एकच अट घातली होती. तिथून एक तक्रार आली की बॅग भरायची आणि धुळ्याला यायचं, मग पुढचं आम्ही बघू. पुढचं म्हणजे काय ते सांगायची गरज नव्हती. दोन स्थळं येऊन बसलेलीच होती.

त्या फेब्रुवारीआधीच्या ऑक्टोबरात मुंबईच्या विक्रेत्याकडून एक पार्सल आलं. कॉम्प्युटरच्या पोटात एक मूळ प्रोग्राम असतो, बाकी सगळे प्रोग्राम त्याच्या जिवावर चालतात. त्याला कर्नल म्हणतात. आमचा कर्नल जुना झाला होता, नव्याच्या सहा फ्लॉप्या आल्या होत्या. त्या काळातल्या त्या पापडासारख्या मोठ्या, लवचिक फ्लॉप्या. त्यांना मधे एक लांबट उघडी खिडकी असते, तिथून आतली चकती दिसते, आणि तिथे बोट लावायचं नाही हे डिप्लोमाच्या पहिल्या दिवशी शिकवतात. त्याच पार्सलात वेगळ्या पाकिटात डीबगरच्याही फ्लॉप्या होत्या. प्रोग्राम कुठे अडला ते शोधायचं हत्यार म्हणजे डीबगर.

दोन दिवसांनी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी कारखान्यातल्या झाडून सगळ्या हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. ऑफिसात बाई मी एकटी, म्हणून हळदकुंकवाचं ताट माझ्या हातात. शेठजी टोपी घालून मागे. मूळचे मारवाडचे, पण तीन पिढ्या जळगावात. कॉम्प्युटरला झेंडूची माळ घालून झाली, टर्मिनलांना टिळे लावून झाले, तेवढ्यात त्यांना टेबलावरचं पार्सल दिसलं.

"हे काय आहे?"

"नवीन कर्नलच्या फ्लॉप्या, शेठजी."

"मग नई चीज आहे ना! पहिले तिला लाव. पाकिटावर नाही, आतल्या वस्तूला लाव."

मला माहीत होतं. अगदी पक्कं माहीत होतं. पण वीस माणसं हात जोडून उभी, शेठजी मागे, आणि मी बावीस वर्षांची. मी सहाही फ्लॉप्या पाकिटातून काढून ओळीने मांडल्या आणि ओल्या कुंकवाचं बोट कडेकडेने लावत गेले. चार नीट गेल्या. मग कुणीतरी वरून अक्षता टाकल्या, माझा हात हलला, आणि दोनांच्या उघड्या खिडकीत कुंकू गेलं. गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही. नंतर मी त्या स्पिरिटने पुसल्या, त्यावर चरे पडले. मशीनमध्ये घातल्यावर त्या किरकिरल्या आणि वाचल्या जाईनात.

तेव्हाच सांगितलं असतं तर? पण मला वडिलांची अट आठवली. मी सहाही फ्लॉप्या पाकिटात भरून कपाटाच्या खालच्या खणात सरकवल्या आणि शेठजींना सांगितलं, नवीन आपल्या मशीनला मानवत नाही, जुनंच बरं आहे. ते खूश झाले. जुनं ते सोनं, म्हणाले. जळगावसारख्या सोन्याच्या गावात हे वाक्य फार चालतं.

चार महिने सुखात गेले. फेब्रुवारीत गेटवरच्या केबिनमध्ये एक नवीन टर्मिनल बसवलं आणि त्यावर नानांना बसवलं. नाना म्हणजे तीस वर्षं रजिस्टरात गाड्यांची आवक-जावक लिहिणारे गृहस्थ. अक्षर छापल्यासारखं. कीबोर्डवर मात्र एका बोटाने, प्रत्येक अक्षर शोधून, सापडलं की त्याच्याकडे नीट बघून मग दाबायचे. ते मेहरूणला राहायचे. घरी बायको, एक बाजू लुळी पडलेली. मूलबाळ नाही. म्हणून दुपारी साडेबाराला सगळे डबे उघडायचे तेव्हा नाना सायकल काढून घरी जायचे, बायकोला भरवायचे, पाणी पाजायचे आणि दीडच्या आत परत. जाताना टर्मिनलचं बटण बंद. गेटवर ड्रायव्हर लोकांचा राबता असतो, टर्मिनल उघडं टाकून जायचं नाही हा शेठजींचाच नियम होता. नाना तर नियम नसता तरी बंद करणारच होते. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मी घर जास, ताई. मंग रिकामं चालू काबर ठेवानं?"

नाना गेटवर बसू लागले आणि कॉम्प्युटर बसू लागला. आठवड्यातून दोनदा, तीनदा. जेवणं आटोपून माणसं टेबलावर यावीत, नाना उन्हातून येऊन टर्मिनलला हात लावावा, आणि सगळ्यांचे पडदे एकदम थिजावेत. एकही अक्षर उमटायचं नाही. मग मी मशीन बंद करून पुन्हा चालू करायची, निम्मी चलनं नव्याने टाकायची, आणि बाहेर पाइप भरलेल्या गाड्या हॉर्न मारत उभ्या.

मुंबईला फोन लावला. तिथल्या इंजिनिअरने पहिला प्रश्न विचारला, "नवा कर्नल टाकलात ना?"

"हो," मी म्हटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, मला वाटलं त्याला फोनमधून कुंकू दिसतंय.

"मग सोपं आहे. डीबगर चालवा, त्याचं एक्स्टेन्शन जोडा, पुढच्या वेळी अडकेल तेव्हा कोण कशासाठी थांबलंय ते कळेल."

डीबगर चालू झाला. पण नुसता डीबगर म्हणजे पानंच्या पानं आकडे. त्या आकड्यांचे तक्ते मांडून दाखवणारा जोडप्रोग्राम म्हणजे हे एक्स्टेन्शन, आणि ते बनवलं होतं नव्या कर्नलसाठी. आमच्या जुन्या कर्नलला जोडायला गेले तर ते सरळ नाही म्हणालं. जबरदस्तीने जोडलं तर कॉम्प्युटरच झोपला. मुंबईला परत विचारावं तर पहिला प्रश्न तोच येणार. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधली जागा एसीची.

होळीच्या सुमाराला शेठजींनी स्वतःच रोगाचं निदान केलं. ते तीन दुपारी गेटवर खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "नाना उन्हातून येतात, तापलेले असतात, आणि तसाच हात मशीनला लावतात. मशीनला झळ बसते. एसीतली वस्तू ती, तिला झळ सोसत नाही." सगळ्यांना पटलं. आपल्याकडे झळ कुणाला बसत नाही? माणसाला बसते, केळीला बसते, म्हशीला बसते. कांदा खिशात ठेवणारी माणसं आम्ही. मी म्हटलं, शेठजी, झळ केबलमधून जात नाही. ते म्हणाले, करून तर बघू. उद्यापासून नानांनी दुपारी बाहेर जायचं नाही. इथेच जेवायचं.

आणि मशीन अडकायचं थांबलं. पूर्ण थांबलं.

शेठजींनी मला गेटवर बोलावून दाखवलं, बघ बेटी, डिप्लोमा एकीकडे आणि अनुभव एकीकडे. नाना टर्मिनलसमोर बसून कोरडी भाकरी मिरचीशी खात होते. वर बघितलं नाही.

दोन दिवसांनी मी त्यांना विचारलं, घरी दुपारचं कसं करता? शेजारच्या बाईला सांगितलंय, पण ती शेतात जाते, म्हणाले. सकाळीच भाकरी कुस्करून ठेवतो, तांब्या उशाशी ठेवतो. मग म्हणाले, "तिना हातमा गिलास रहात नही. सांडना का मंग संध्याकाळ लोंग तशीच."

मी खोलीत आले, दार मागे लागलं, आणि मला पहिल्यांदा स्वतःची शिसारी आली. हे झळीचं खूळ मोडायचं असेल तर मशीन खरं कशाने अडकतं ते दाखवायला हवं, आणि ते दाखवायला एक्स्टेन्शन चालायला हवं. कपाटाचा खालचा खण उघडायचा नाही, हे मात्र मी मनाशी तसंच धरून ठेवलं होतं. नवा कर्नल टाकता येत नाही ना, मग एक्स्टेन्शनलाच जुनं करू. एक खोटं झाकायला केवढी विद्या खर्च करतो माणूस.

एक्स्टेन्शनचा मूळ कोड सोबत दिलेला होता, तेवढी देवाची कृपा. भांडण दोन जागी होतं. पहिलं सोपं. चालू कामांचा तक्ता कुठे आहे हे ते कर्नलला एका ठरावीक नावाने विचारायचं, आणि जुन्या कर्नलला ते नावच ठाऊक नव्हतं. मी कर्नलच्या नावांची यादी छापून काढली, तक्त्याचा पत्ता शोधला आणि विचारपूस काढून टाकून तो पत्ताच लिहून दिला. आता ते जोडलं जाऊ लागलं, पण दाखवायचं ते सगळं चुकीचं. पहिलं काम बरोबर, दुसऱ्याचं नाव अर्धं, तिसऱ्यापासून कचरा. दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. नव्या कर्नलने तक्त्याची प्रत्येक ओळ लांब केली होती. एक्स्टेन्शन नव्या मापाने पावलं टाकत जुन्या घरात चालत होतं आणि दर पावलाला थोडं पुढे जाऊन पडत होतं.

जुनं माप कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मग साडेपाचनंतर माणसं गेली की मशीन बंद करायच्या आधीच्या अर्ध्या तासात मी डीबगरने मशीन थांबवायची, तक्त्याचे नुसते आकडे रुंद कागदावर छापायची आणि मावशीकडे जेवणाच्या ताटाशेजारी पसरून बसायची. चालू कामांचे क्रमांक मला माहीत होते, तेच आकड्यांच्या रानात शोधायचे. एक सापडला, दुसरा सापडला, मधलं अंतर मोजलं. मग पुढचे रकाने, कुठलं काम कशासाठी थांबलंय तो रकाना, टर्मिनलांचा वेगळा तक्ता, त्याचं वेगळं माप. चुकलं की मशीन झोपायचं आणि तो दिवस वाया. तीन आठवडे गेले. रविवारी धुळ्याला गेले की वडील विचारायचे, सगळं बरं आहे ना? मी म्हणायची, शेठजी फार मानतात. आणि बसने परत येताना पारोळ्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसायची.

गेटवर रोज साडेबाराला नाना घड्याळाकडे बघायचे. मी ते बघणं बघायची आणि खोलीत पळायची.

शेवटी तक्ता नीट उमटला. सगळी कामं, सगळी नावं, ओळीने. मी शेठजींकडे गेले आणि म्हटलं, मला एक दुपार द्या. नानांना घरी जाऊ द्या, मशीन अडकलं तर झळ आहे का दुसरं काही ते मी कागदावर छापून दाखवते. "एकच दुपार देतो," म्हणाले. "नाही निघालं तर नाना इथेच जेवतील आणि तू या विषयावर बोलायचं नाही."

आखाजीच्या चार दिवस आधीची ती दुपार. नानांनी बटण बंद केलं आणि सायकल अशी काढली की गेटवरचे ड्रायव्हरसुद्धा हसले. मी कॉम्प्युटरच्या मुख्य पडद्यासमोर बसले. तो लांबच्या केबलवर नव्हता, मशीनलाच जोडलेला होता, बाकी सगळं थिजलं तरी त्यावर डीबगर चालायचा. एक वाजला. काही नाही. सव्वा वाजता मला रडू यायला लागलं, कारण रोज अडकत नव्हतंच ते, आणि आजचा दिवस न अडकण्याचा असला तर संपलं. एक वाजून वीस मिनिटांनी बिलिंगवाल्याने जेवून येऊन कीबोर्ड दाबला आणि ओरडला, "मॅडम, बसलं!"

नाना अजून यायचे होते. उन्हात होते, पण माझ्या मशीनपासून दोन मैल लांब.

मी डीबगर चालवला, एक्स्टेन्शन जोडलं. तक्ता उमटला. सगळी टर्मिनलं एकाच गोष्टीसाठी ताटकळत होती, अक्षरं तात्पुरती ठेवायच्या सामायिक जागेसाठी. आणि ती सगळी जागा एकट्या गेटच्या लाइनने खाल्ली होती. कारण कळायला पाच मिनिटं लागली. गेटची केबल सगळ्यांत लांब, कारखान्याच्या मोटारींच्या तारांना लागून गेलेली. टर्मिनल बंद असलं की कॉम्प्युटर तिथे विचारायचा, कोण आहे? टोकाला कुणीच नाही. पण केबलमधून त्याचाच प्रश्न थोडा विस्कटून परत यायचा. त्याला वाटायचं कुणी बोलतंय, मग तो पुन्हा विचारायचा. विहिरीत ओरडावं आणि आपल्याच आवाजाला उत्तर देत बसावं, तसं. अर्ध्या-पाऊण तासात जागा भरून सगळंच थांबायचं, आणि नेमके तेव्हा नाना येऊन हात लावायचे. झळीचा काही संबंध नव्हता.

शेठजींनी कागद उलटसुलट बघितला, घड्याळ बघितलं, रस्त्यावरून येणारे नाना बघितले आणि मान्य केलं. माणूस हट्टी होता, खोटा नव्हता. मी म्हटलं, नाना निघाले की गेटची लाइन मी आतून बंद करेन, आले की चालू करेन. उद्यापासून त्यांना जाऊ द्या. "जाऊ दे," ते म्हणाले. "बेटी, तू कमाल केली." त्या दिवशी ऑफिसात प्रत्येकाने मला तेच सांगितलं.

संध्याकाळी मी उत्साहात एक काम केलं. एक्स्टेन्शन कुठे कुठे बदललं ते लिहून ठेवावं म्हणून कपाट उघडलं आणि पार्सलातलं माहितीपत्रक काढलं. ते खालच्या खणात, त्या सहा फ्लॉप्यांच्या पाकिटातच होतं, म्हणून इतके महिने मी त्याला हात लावला नव्हता. त्यावर कुंकवाचा डाग होता. नव्या कर्नलमध्ये काय काय दुरुस्त केलं त्याची यादी होती, आणि त्यात एक ओळ होती. लांब केबलवरचं टर्मिनल बंद केल्यास संपूर्ण यंत्रणा अडकत असे, तो दोष काढला आहे.

मी पत्रक पुन्हा त्याच पाकिटात घातलं आणि खण लावला.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी नाना बाराच्या सुमाराला माझ्या खोलीत आले. चपला बाहेर काढून, पहिल्यांदाच. हातात पितळी डबा. आखाजीच्या गोड सांजोऱ्या होत्या. बायकोने बसल्या जागेवरून सांगितल्या आणि त्यांनी केल्या, असं म्हणाले. "ती म्हने, त्या पोरनी आपले सोडाडं. तिले खावाड."

तुमच्यामुळे सुटलो, हे नानांनी मला सांगावं! दार मागे लागलेलं होतं. मला त्या खोलीतून पळून जायचं होतं आणि जायला जागा नव्हती. मी खालचा खण उघडला, पाकीट काढलं, कुंकू लागलेल्या दोन फ्लॉप्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि खंडेनवमीपासून सगळं सांगितलं. या टाकल्या असत्या तर मशीन एकदाही अडकलं नसतं, हेही सांगितलं. मला वाटत होतं त्यांनी ओरडावं. चार शिव्या दिल्या असत्या तर मी जन्मभर त्यांची ऋणी राहिले असते.

नानांनी एक फ्लॉपी उचलली, चष्म्यातून पाहिली, परत ठेवली.

"ह्या दुसऱ्या मिळतस का?"

"मिळतात. मुंबईला फोन करायचा. पाठवतात."

"कितला दिनमा?"

"आठ दिवसांत."

होळीपासून आखाजीपर्यंत किती दिवस होतात ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "खाई ल्या," म्हणाले. "तिनी धाडेल शे." आणि साडेबारा झाले म्हणून निघून गेले.

मी गेटची लाइन बंद केली आणि डबा उघडला. सांजोऱ्या खाल्ल्या, सगळ्या खाल्ल्या, परत पाठवणं शक्य नव्हतं. त्या दुपारी फ्लॉप्या घेऊन शेठजींकडे गेले. त्यांनी कुंकू बघितलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, मीच लाव म्हटलं होतं ना, मग घाबरायचं काय होतं त्यात? माझ्यासमोर मुंबईला फोन लावला. धुळ्याला कुणीही काही कळवलं नाही.

पार्सल सातव्या दिवशी आलं. किती दिवसांत आलं ते नानांनी विचारलं नाही, आणि मी त्यांना सांगितलं नाही.